दरबान करीम बख्श

दिल्लीच्या काश्मिरी दरवाजाकडून लाल किल्ल्याकडे येताना लोथियन रोडच्या मधोमध दोन जुन्या कमानी लागतात. दोन्ही बाजूंनी बसगाड्या धावत असतात, जवळच मोठे पोस्ट ऑफिस आहे आणि तिथे थांबून काही बघावे असे सहसा कोणाला वाटत नाही. अब्बांची जामा मशिदीत नमाज पढायची फार वर्षांची इच्छा होती, म्हणून मागच्या सुट्टीत आम्ही दिल्लीला गेलो होतो. शेवटच्या दिवशी मी हट्टाने सगळ्यांना या कमानींपाशी नेले. रस्ता ओलांडून मधल्या तुकड्यावर पोचेपर्यंत अब्बा दमले. नववीतल्या लेकीने दगडावरची इंग्रजी अक्षरे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एक लेफ्टनंट, मग आणखी दोन, मग कंडक्टर, सार्जंट. नऊ नावे झाली.

"आणि बाकीचे?" तिने विचारले.

मी वर्गात १८५७ शिकवतो तेव्हा दिल्लीचा पहिला दिवस दोन वाक्यांत उरकतो. मेरठचे शिपाई आले, बादशहाला नेता केले, पुढचे पान उलटा. त्या दोन वाक्यांच्या मध्ये एक अख्खा दिवस आहे, आणि त्या दिवसाच्या मध्यभागी हे कोठार आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचे हे दारूगोळ्याचे कोठार. लोक त्याला मेगझीन म्हणत. बादशहाच्या किल्ल्यापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, शहराच्या तटाच्या आत, यमुनेच्या अंगाला. उत्तर हिंदुस्थानातल्या कंपनीच्या मोठ्या कोठारांपैकी हे एक. तोफा, बंदुका, गोळे, काडतुसे, गाडे असे लढाईला लागणारे सगळे सामान इथे साठवले जाई. बंदुकीच्या दारूचा मोठा साठा मात्र काही वर्षांपूर्वी शहराबाहेर, छावणीच्या बाजूला हलवला होता, कारण एवढी दारू भरवस्तीत ठेवणे धोक्याचे आहे हे साहेबांच्याही लक्षात आले होते. तरी आत राहिली होती तीही थोडी नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. दिल्लीत गोऱ्यांची एकही पलटण नव्हती. एवढे मोठे कोठार देशी शिपायांच्या पहाऱ्यात होते आणि देशी माणसेच ते चालवत होती. वर हुकूम देणारे गोरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१० मे १८५७, रविवार. आदल्याच दिवशी मेरठच्या परेडीच्या मैदानावर तिसऱ्या घोडदळाच्या ८५ जवानांना सगळ्या पलटणींसमोर बेड्या ठोकल्या होत्या. त्यांनी काडतुसे हातात घ्यायला नकार दिला होता. गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडायची, हिंदूचाही धर्म जाणार आणि मुसलमानाचाही, ही गोष्ट तेव्हा प्रत्येक छावणीत पोचलेली होती. रविवारी संध्याकाळी मेरठमध्ये भडका उडाला. कैदी सुटले, बंगले जळाले, आणि रातोरात शिपायांनी दिल्लीची वाट धरली. साठ-पासष्ट किलोमीटरचे अंतर. घोडेस्वार पुढे, पायदळ मागे.

सोमवारी सकाळी ते यमुनेवरच्या होड्यांच्या पुलावर आले, तेव्हा हिजरी सन १२७३ च्या रमजानचा सोळावा रोजा सुरू झाला होता. मे महिन्यातली दिल्ली. त्यांच्यातल्या मुसलमान स्वारांनी सेहरी कुठे केली असेल, केली तरी असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. इतिहासाच्या पुस्तकांत पलटणीचा नंबर असतो, कोरड्या पडलेल्या घशाची नोंद नसते.

सकाळी सात-आठच्या सुमारास सर थिओफिलस मेटकाफ हा अधिकारी घाईघाईने कोठाराच्या साहेबांकडे आला. पुलावर लावायला त्याला दोन तोफा हव्या होत्या. कोठाराचा मुख्य लेफ्टनंट जॉर्ज विलोबी आणि मेटकाफ नदीकडच्या बुरुजावर चढून बघतात तो शिपाई पूल ओलांडत होते. तोफा आता पुलावर नेण्यात अर्थ नव्हता. मेटकाफ शहराचा दरवाजा बंद झाला की नाही हे बघायला गेला. विलोबीने कोठाराचे दरवाजे लावून घेतले.

आत गोरे नऊ. विलोबी, फॉरेस्ट आणि रेनर हे तीन लेफ्टनंट, बाकीचे कंडक्टर आणि सार्जंट. यांतला रेनर ६१ वर्षांचा होता. दरवाजांच्या आतल्या बाजूला दुप्पट छर्रे ठासून तोफा रोखल्या गेल्या. सगळ्या मिळून दहा तोफा. मग दारूच्या साठ्यापासून आवारातल्या एका झाडाच्या बुंध्यापर्यंत दारूची रेघ ओढली. ठरले असे की शेवटचा इलाज म्हणून कंडक्टर बकलीने डोक्यावरची टोपी उंच करायची आणि ती खूण दिसताच कंडक्टर स्कलीने त्या रेघेला बत्ती द्यायची.

हे सगळे इंग्रजांच्या प्रत्येक पुस्तकात आहे, आणि त्यांच्या धैर्याला नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. मेरठहून मदत येईल म्हणून ते तासन्‌तास तोफांपाशी उभे राहिले. मेरठला गोऱ्यांची मोठी फौज होती, ती त्या दिवशी आलीच नाही.

पण त्या आवारात फक्त नऊ माणसे नव्हती. कोठारात काम करणारी देशी माणसे, म्हणजे तोफा-गोळे हलवणारे लस्कर, मजूर, दरबान, हेही दरवाजे बंद झाले तेव्हा आतच होते. जिवंत सुटलेल्या फॉरेस्टने त्याच महिन्यात मेरठहून वरिष्ठांना अहवाल पाठवला. त्यात ही माणसे दिसतात. दिसतात ती रागाने लिहिलेल्या ओळींत. साहेबांनी त्यांच्या हाती हत्यारे दिली. ती त्यांनी अगदी नाइलाजाने घेतली. ती अस्वस्थ होती, हुकूम ऐकत नव्हती, आणि त्यातही मुसलमान जास्तच, असे फॉरेस्ट लिहितो.

आणि मग तो एका माणसाचे नाव लिहितो. करीम बख्श, दरबान.

हा करीम बख्श बाहेरच्या लोकांशी सतत संधान बांधून होता, आतली खबर बाहेर आणि बाहेरची आत पोचवत होता, असा फॉरेस्टचा आरोप आहे. विलोबी त्याच्या वागण्याने इतका वैतागला की हा पुन्हा दरवाजापाशी आला तर याला गोळी घाल, असे त्याने फॉरेस्टला सांगून ठेवले.

दरबानाने दरवाजापाशी यायचे नाही! ज्या दरवाजावर बसण्याचा त्याला पगार मिळे, त्याच दरवाजावर त्या दुपारी त्याला मौत सांगितली होती.

दुपारी किल्ल्यातून पहारेकरी आले. बादशहाच्या नावाने कोठार ताब्यात द्या, अशी त्यांनी मागणी केली. आतून उत्तर गेले नाही. थोड्या वेळाने कोठाराच्या पहाऱ्यावरच्या देशी सुभेदाराने खबर दिली की किल्ल्यातून शिड्या येत आहेत. बहादूरशाह जफर यांनी खरोखर हुकूम दिला होता की त्यांच्या नावावर दुसरेच कोणी हुकूम सोडत होते, हा वाद त्यांच्यावरच्या खटल्यापर्यंत चालला. शिपाई माझे ऐकत नव्हते, असे त्या म्हाताऱ्या बादशहाने खटल्यात सांगितले. शिड्या मात्र आल्या.

शिड्या भिंतीला लागल्याबरोबर आतली देशी माणसे शेडांच्या उतरत्या छपरांवर चढली आणि त्याच शिड्यांनी बाहेर उतरली. जाण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. तोफा डागायला लागणाऱ्या बारीक दारूच्या पिशव्या त्यांनी लपवून ठेवल्या. कोणाच्या अंगावर हात टाकला नाही, चाकू चालवला नाही. पिशव्या लपवल्या आणि निघून गेले.

नऊ जणांच्या तोफा तरीही चालल्या. भिंतीवर चढणाऱ्यांवर त्यांनी हातात होते तेवढे छर्रे ओतले. शिपाई आत उतरू लागले, बाहेर भिंतीलगत गर्दी वाढत गेली. त्या गर्दीत शिपाई होते, हत्यार मिळेल म्हणून आलेले शहरातले लोक होते, आणि कुठल्याही शहरात असतात तसे नुसते बघायला आलेलेही होते. फॉरेस्टच्या हाताला गोळी लागली, बकलीच्या कोपराच्या वर. साडेतीनच्या पुढे केव्हातरी बकलीची टोपी वर गेली.

स्कलीने बत्ती दिली.

नऊपैकी पाच जण गेले असे त्या दगडावर कोरले आहे. विलोबी धडपडत बाहेर पडला, पण मेरठच्या वाटेवर गावकऱ्यांनी त्याला मारले. फॉरेस्ट, रेनर आणि बकली यांना पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बकलीच्या बायकोमुलांची त्याच दिवसांत दिल्लीत हत्या झाली होती, हेही सांगितले पाहिजे. त्या आठवड्यात शहरात गोऱ्या आणि ख्रिस्ती बायका-मुलांचे जे रक्त सांडले, त्यावर पडदा टाकून १८५७ सांगणे मला जमत नाही. ज्या दीनमध्ये लढाईतही बाई, मूल आणि म्हातारा यांच्यावर हात टाकायला मनाई आहे, त्या दीनच्या मासिकात तर नाहीच.

भिंतीबाहेर किती गेले? इंग्रजी हकिकतींत आकडा काहीशेपासून हजारापर्यंत सांगितला आहे. मोजायला बसले होते कोण? शेजारच्या गल्ल्यांत विटा, लाकडे आणि गोळे पडले. रोजा सुटायला अजून तीनेक तास होते.

या दिवसांची बातमी लिहिणारा एक माणूस त्याच शहरात होता. मौलवी मुहम्मद बाकर, 'देहली उर्दू अखबार'चे संपादक. शिळाछापावर निघणारे हे साप्ताहिक. १७ मेच्या अंकात त्यांनी ११ मेच्या हकिकती छापल्या, सुरुवात कुराणातल्या आयतींनी करून. सप्टेंबरमध्ये दिल्ली पडल्यावर इंग्रजांनी त्यांना ठार केले. त्यांचा मुलगा लपतछपत शहराबाहेर पडला आणि पुढे लाहोरला स्थिरावला. तो मुलगा म्हणजे 'आब-ए-हयात'चे लेखक मुहम्मद हुसेन आझाद. उर्दूच्या तासाला आम्ही आझादांच्या शैलीवर टिपा लिहून देतो, पण त्यांचे वडील कोण होते आणि कसे गेले हे किती मुलांना सांगतो?

आता विचारायचा प्रश्न असा की त्या दुपारी जिंकले कोण. इंग्रज म्हणतात, शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी कोठार उडवले. हे पूर्ण खरे नाही. स्फोटाने भिंती फुटल्या, बराच माल गेला, तरी तोफा आणि गोळे पुष्कळ उरले आणि पुढचे चार महिने ते दिल्लीच्या तटावरून इंग्रजांवरच चालले. शहराबाहेरचा दारूचा साठाही इंग्रजांच्या हातून गेला. म्हणजे छापा फसला असेही नाही.

पण कोठार हातात येणे वेगळे आणि कोठार चालवणे वेगळे. हे समजायला एका टिकलीएवढ्या वस्तूकडे बघावे लागते. आधीच्या दहा-पंधरा वर्षांत कंपनीच्या फौजेतल्या चकमकीच्या बंदुका जाऊन टोपीच्या बंदुका आल्या होत्या. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी. तिच्या तळाशी ठिणगी पाडणारे रसायन असते. घोडा तिच्यावर आपटला की बार उडतो. टोपी नसेल तर बंदूक म्हणजे लोखंडाची काठी. सोरा, गंधक आणि कोळसा कुटून दारू करणारे कारागीर दिल्लीत होते. ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. टोप्या मात्र बाजारातल्या कारखान्यात सहज होणाऱ्या नव्हत्या. आठवडे सरले तशा टोप्या कमी पडत गेल्या आणि शिपायांपैकी कित्येकांना जुन्या तोड्याच्या बंदुका हातात घ्याव्या लागल्या. ज्यांनी इंग्रजी कवायत शिकून इंग्रजी बंदूक चालवली होती, ते बंदुकीच्या बाबतीत आजोबांच्या काळात परत गेले.

दारूचीही ओढाताण होती. शहरात चुडीवालान भागात दारू कुटण्याचा कारखाना उघडला होता. ७ ऑगस्टला तो उडाला. आत काम करणारे काहीशे लोक गेले. शिपायांनी बादशहाचे हकीम अहसनुल्लाह खान यांच्यावर संशय घेतला आणि त्यांचे घर लुटले. हकीमसाहेब इंग्रजांशी संधान राखून होते, हे नंतर उघड झाले. त्या स्फोटात त्यांचा हात होता हे मात्र सिद्ध झाले नाही. दारूच्या कारखान्याला आग लागायला फितुरी लागतेच असे नाही, उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते. पण तोपर्यंत शहरात कोणाचा कोणावर भरवसा उरला नव्हता. मे महिन्यात एका दुपारी भिंतीला शिडी लागताच सगळे एकमेकांच्या बाजूने झाले होते, आणि ऑगस्टमध्ये प्रत्येक जण शेजाऱ्याकडे संशयाने बघत होता. दिल्ली १४ सप्टेंबरपासून पडायला लागली. १६ तारखेला इंग्रजांनी हेच कोठार परत घेतले.

कमानीपाशी उभे राहून हे सगळे सांगणे शक्य नव्हते. थोडे सांगितले. करीम बख्शचे सांगितले. लेकीला तो आवडला, तिच्या डोळ्यांत तो लगेच शहीद झाला. अब्बा मात्र गप्प होते. मग म्हणाले, "दरबान होता ना तो? दरवाजा म्हणजे अमानत. ज्याचा पगार खाल्ला त्याच्या दरवाजातून खबर बाहेर द्यायची?"

अब्बांनी बत्तीस वर्षे एका गिरणीत गोदाम सांभाळले. एक किल्ली हरवली तेव्हा ते दोन रात्री झोपले नव्हते, हे अम्मी अजून सांगते. त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता.

मी म्हणालो, अब्बा, अमानत कोणाची हेही बघावे लागेल. ते कोठार भरले होते ते इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. सोरा बिहारचा. कंपनी पगार देत होती तोही इथल्याच खजिन्यातून. मग त्या दरवाजामागे जे होते ते कंपनीचे की या मुलखाचे?

"ते तू आता म्हणतोस," अब्बा म्हणाले. "पगार घेताना त्याने असे म्हटले होते का?"

याला माझ्याकडे जवाब नव्हता, आणि अजूनही पुरता नाही. एवढे मात्र मला वाटते की त्या सकाळी करार आधी मोडला तो साहेबांनी. दरबानाचे काम दरवाजा राखणे. मजुराचे काम माल उचलणे. त्यांच्या हातात बंदुका देऊन बाहेरच्या आपल्याच माणसांवर झाडा म्हणणे, हे त्या पगारात बसत नव्हते. फॉरेस्ट ज्याला हुकूम न ऐकणे म्हणतो, ते मला ज्याच्या हातात काहीच नव्हते अशा माणसाचे 'नाही' वाटते. बंदुका त्यांच्या हातात होत्या. नऊ साहेब समोर होते, त्यांची पाठ वळलेली होती. तरी त्यांनी गोळी झाडली नाही, पिशव्या लपवल्या. हे मी अब्बांना सांगितले. ते म्हणाले, "हां, ते बरोबर केले." करीम बख्शबद्दल मात्र त्यांनी निकाल दिला नाही.

कमानीवर स्वातंत्र्यानंतर आणखी एक पाटी लावली आहे. वरच्या लेखात ज्यांना बंडखोर म्हटले आहे ते परकी सत्ता उलथवू पाहणारे हिंदी शिपाई होते, असा तिचा आशय. पाटी लावली हे चांगलेच झाले. पण तिच्यावर नाव एकही नाही. नऊ नावे अजून वरच आहेत. भिंतीवर चढताना छर्रे लागून पडले ते, छपरावरून उतरले ते, गल्लीत विटांखाली गेले ते, कोणीच त्या दगडावर नाही. करीम बख्श हे नाव टिकले ते एका गोऱ्या साहेबाने चिडून लिहिले म्हणून. त्याने इंग्रजीत ज्या वेड्यावाकड्या स्पेलिंगने लिहिले आहे, ते वाचून लेक हसली आणि तिने वहीत त्याखाली उर्दूत नीट लिहून ठेवले.

असरची वेळ झाली होती. जवळच काश्मिरी गेटच्या बाजाराशी फखरुल मसाजिद आहे, १७२८-२९ ची, एका बेगमने पतीच्या आठवणीत बांधलेली. तिथे गेलो. नमाज झाल्यावर अब्बा बराच वेळ दुआला बसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारले, "त्या दरबानाच्या बापाचे नाव नाही का लिहिले त्यांनी?"

"नाही," मी म्हटले. "नुसते करीम बख्श, दरबान."

अब्बांनी मान हलवली आणि पुन्हा हात उचलले.